उकिरड्यातलं विरजण

मे महिन्यात नागपूरकडची गाय शेण टाकते तेव्हा ते थंडाव्यातून आगीत पडतं. गायीच्या पोटात साधारण ३८.५ अंश, बाहेर सावलीतच ४५, आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर भर दुपारी त्याहून कितीतरी तापलेला. तासाभरात शेणाचा पो पापुद्रा धरतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायानं सरकवता येतो, आठवड्यात गोवरीसारखा उचलता येतो. जुलैत तोच पो शेणकिडे दोन दिवसांत पोखरून मातीत नेतात. डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की तो कितीतरी दिवस ओलाच पडून राहतो. गाय तीच, कडबा-कुटारही थोडंफार तेच. बदलतं ते हवा, पाणी आणि ऊब. कसणाऱ्याच्या हातात शेणाबाबत खरं म्हणजे एवढंच असतं. बाकीचा संसार शेण पोटातूनच घेऊन येतं.

हा संसार किती मोठा? ताज्या शेणात पाचातले चार भाग पाणी. उरलेल्या एका भागात न पचलेला चारा आणि जिवाणू, ग्रॅमभर शेणात हजार कोटींच्या वर. आपल्या तोंडी बसलेलं नाव ई. कोलाय, पण मोजायला बसलं तर तो हजारात एकसुद्धा निघत नाही. बहुमत असतं क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्याचं, रुमिनोकॉकसचं, बॅक्टेरॉइड्सचं. यांतल्या बहुतेकांना ऑक्सिजन विषासारखा. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या साध्या बशीत शेणाचं पाणी लावलं तर उगवतात ते अल्पसंख्याक, आणि बहुमत दिसतच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट हंगेट या अमेरिकी शास्त्रज्ञानं कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद नळीत आगरचं माध्यम फिरवत फिरवत काचेच्या आतल्या भिंतीवर थिजवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे ही लाजरी मंडळी वाढवून पाहता येऊ लागली.

इथं एक गैरसमज जागोजागी भेटतो. शेणातले जिवाणू म्हणजे कोठीपोटातलेच, गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातले, असं धरून चालतात. कोठीपोटातली वस्ती पुढच्या पोटात आणि लहान आतड्यात बरीचशी पचून जाते. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यातूनच येतो. गाय गवत खाते म्हणायचं, पण ती गवतावर जिवाणू पोसते आणि तेच खाते. शेणात उतरते ती मुख्यतः मोठ्या आतड्यातली दुसरी वस्ती, कोठीपोटातून उरलेल्या चोथ्यावर जगणारी. म्हणून चारा बदलला की शेणाचा पोत आणि वास आठवड्याभरात बदलतो. ढेप आणि भरडा वाढवला की जास्त स्टार्च न पचता खाली उतरतो, तिथं तो आंबतो आणि शेण पातळ, आंबूस होतं.

तीन दिवसांचा पो खुरप्यानं उभा चिरून पाहावा. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर तपकिरी, कोरडा, कागदासारखा सुटणारा. त्याखाली हिरवट, ओलसर, घट्ट गाभा. चिरलेला भाग तसाच उघडा ठेवला तर तो हिरवा रंग हळूहळू काळपट पडू लागतो, कारण हवा आत शिरली. सीमारेषा तिथंच असते. हवा ओल्या शेणात जेमतेम काही मिलिमीटर शिरते. तेवढ्या पट्ट्यात स्यूडोमोनास, अॅसिनेटोबॅक्टर, बॅसिलस यांसारखे हवेत जगणारे पसरतात आणि आलेला ऑक्सिजन तिथंच संपवून टाकतात. आतला गाभा त्यामुळे कितीतरी दिवस पोटासारखाच राहतो. दोन्हीकडे जगू शकणाऱ्यांची मधल्या पट्ट्यात चंगळ होते, आणि ई. कोलाय त्यांतलाच. उबदार, दमट दिवसांत पहिल्या आठवड्यात त्याची संख्या घटण्याऐवजी दहापट आणि त्याहूनही वाढू शकते. ‘चार दिवस झाले, आता काही नाही’ या हिशोबाला म्हणून काही आधार नाही.

पावसाळ्यात याच पोवर पायलोबोलस नावाची बुरशी उगवते, काचेच्या टाचणीसारखी, डोक्यावर काळा ठिपका. तिला पुन्हा गुरांच्या पोटातून जायचं असतं, पण गुरं शेणाशेजारचं गवत तोंडात घेत नाहीत. मग ती उजेडाकडे मान वळवते, खालच्या फुग्यात पाण्याचा दाब वाढवते आणि ठिपका उडवून देते, दोन मीटरपर्यंत. शेणकिड्यांची गोष्टही अशीच. ऑस्ट्रेलियात गुरं बाहेरून गेली, तिथल्या किड्यांना मात्र कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गायीचे पो कुरणांवर तसेच वाळून पडू लागले, तेव्हा १९६० च्या दशकात त्या देशाला बाहेरून किडे आणण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. आपल्याकडे हे काम पहिल्या पावसानंतर फुकट होतं, आणि म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता गुरांच्या कोठ्यातली खरी गळती. गायीच्या पोटात शेण आणि मूत्र वेगळं राहतं. मूत्रातलं बहुतेक नत्र (नायट्रोजन) युरियाच्या रूपात असतं आणि युरिया एकटा असला तर बराच शांत बसतो. युरिया फोडणारं विकर, युरिएज, शेणातल्या जिवाणूंकडे असतं. दोघांची गाठ पडते ती जमिनीवर. काही तासांत युरियाचा अमोनिया होतो, सामू (pH) आठच्या वर चढतो आणि नत्र हवेत. सकाळी बंद कोठ्याचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, ते हेच. जनावर जितकं नत्र बाहेर टाकतं त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त मूत्रात असतं. म्हणजे टोपलीत भरून उकिरड्यावर नेतो ते शेण, आणि निम्मा ऐवज रात्रीच उडून किंवा मुरून गेलेला. उपाय जुना आहे: संध्याकाळी गुरांखाली सोयाबीनचं कुटार किंवा भाताचं तणस पसरायचं, दर जनावरामागे दोन-तीन किलो, आणि सकाळी ते ओलं अंथरूण शेणासकट उचलायचं. फरशीचा पक्का कोठा दिसायला छान, पण पाण्यानं धुऊन सगळं नालीत सोडायचं असेल तर त्यापेक्षा मातीचा, कुटार अंथरलेला कोठा बरा. शहराच्या कडेच्या दुधाच्या गोठ्यांतून नाल्यात जाणारं शेण पाहिलं की हे फार जाणवतं. तिथं शेतकऱ्याचं खत जातं, आणि तेच शेण नाल्यातल्या पाण्याचा ऑक्सिजनही खाऊन टाकतं.

उकिरड्याचं वर्ष नागपूर जिल्ह्यात कसं जातं ते पाहू. दिवाळीनंतर रोज दोन टोपल्या पडतात. वर चुलीची राख, झाडलोट, कधी प्लास्टिक. फेब्रुवारीपर्यंत ओल टिकते आणि काम चालतं. मार्चपासून वाळवण. ओल चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंची कामं मंदावतात, तिशीखाली जवळजवळ थांबतात. मेमधला उकिरडा हातात घेतला तर भुसभुशीत, बिनवासाचा, ‘तयार’ दिसतो. तो कुजलेला नसतो, वाळलेला असतो. पहिला पाऊस पडला की पुन्हा आंबायला लागतो, आणि तोवर तो बंडीत भरून शेतात पोहोचलेला असतो. जो गड्डा रिकामा झाला नाही त्याचं दुसरं टोक. वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत येतो, आणि काळ्या मातीतला गड्डा पाणी झिरपू देत नाही. त्याचं तळं होतं. वरून काळं पाणी वाहून जातं ते पालाश (पोटॅश) घेऊन. खाली हवा संपते, सडक्या अंड्याचा वास येतो, मिथेन निघतो, उरलंसुरलं नत्रही वायू होऊन जातं. उन्हाळ्यात पाण्यावाचून आणि पावसाळ्यात हवेवाचून, असे वर्षाचे सहा-सात महिने वाया. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरायची पद्धत आहे, पण अशा गड्ड्यातून तेवढं येईल याची खात्री कोणी देऊ नये.

म्हणून गड्डा नको, ढीग हवा. निदान पावसाळ्यापुरता तरी. मुरमाचा वीतभर उंच ओटा, कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली, वर तणसाचं छप्पर, भोवती पाणी अडवायला छोटा बांध. ढीग रुंदीला आणि उंचीला किमान एक मीटर. त्याहून लहान असला तर ऊब धरत नाही. दीड मीटरच्या पुढे गेला तर स्वतःच्या वजनानं दबतो आणि आत हवा राहत नाही. १०० किलो ताज्या शेणात ४० किलो कोरडं कुटार किंवा तणस मिसळलं की ओल साठ टक्क्यांवर येते. हिशोब सोपा आहे: शेणातलं पाणी ८० किलो, कुटारातलं चार, १४० किलोंत ८४. कर्ब-नत्राचं गणितही, म्हणजे एका भाग नत्रामागे किती भाग कर्ब (कार्बन), साधारण जुळतं. शेण एकटं घेतलं तर वीसास एक, भाताचं तणस सत्तर-ऐंशीस एक. दोन्ही वरच्या प्रमाणात मिसळले तर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, आणि त्यावर दहा लिटर गोमूत्र शिंपडलं की तिशीजवळ. सोयाबीनच्या कुटारात मुळात नत्र जास्त, त्याला गोमूत्राची गरज नाही. ओल तपासायला यंत्र नको. मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर कुटार घाला, मूठ उघडताच गोळा फुटला तर पाणी मारा.

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, गोष्ट निराळी. ती लाकूडच. अखंड काड्या ढिगात टाकल्या तर वर्षभरानंही तशाच निघतात, कारण लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनला हात घालणारे फार थोडे, आणि ते वरून आत जातात. काडी जाड असली की रस्ता लांब. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची पद्धत बसवली तेव्हा कापसाच्या आणि तुरीच्या काड्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घेतल्या जात. आज श्रेडर आहे. नसेल तर रस्ता आहेच. पऱ्हाटी शेतात पेटवून देणाऱ्यांशी भांडण्यात अर्थ नाही. मजुरी आणि वेळ दोन्ही नसतात. पण निदान बांधावरच्या दोन ओळी तरी चुरून ढिगात घालाव्यात, त्यांनी ढिगात पोकळ्या राहतात आणि हवा खेळते.

ढीग रचल्यावर दोन-तीन दिवसांत जे घडतं ते हातानं कळतं. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढायची आणि मुठीत धरायची. कोमट लागली तर अजून पहिलीच पाळी चालू आहे, साखर-स्टार्च खाणाऱ्यांची. धरवते पण सोडावीशी वाटते, तर पन्नाशीच्या आसपास. धरवतच नाही तर साठीकडे. या उष्णतेत पोटातून आलेले बहुतेक मरतात आणि तोवर बीजाणू होऊन झोपलेले बॅसिलसचे भाऊबंद जागे होतात. त्यांच्या मागोमाग ॲक्टिनोमायसीट हे बुरशीसारखे दिसणारे जिवाणू येतात. ढीग उकरला तर वीतभर खोल राखेसारखी पांढरी पूड दिसते, ती बुरशी समजून घाबरायचं कारण नाही. सत्तरीला पोहोचला तर मात्र घाई करायची. त्या तापमानात कामकरीही मरू लागतात, ढीग भाजतो, अमोनिया भराभर सुटतो. तेव्हा पलटून पाणी मारायचं. रोगजंतू आणि गाजरगवताचं बी मारायचं असेल तर प्रत्येक कण ५५ अंशांवर पुरेसा वेळ राहायला हवा. अमेरिकेतल्या मैलाखताच्या नियमात उघड्या ढिगासाठी १५ दिवस ५५ अंश आणि त्या काळात पाच पलटण्या सांगितल्या आहेत. पलटणीचं महत्त्व तिथंच आहे. बाहेरचा वीतभर थर कधीच तापत नाही, आणि जे वाचायचं ते तिथंच लपून वाचतं. फावड्यानं ढीग नुसता खालवर करून उपयोग नाही. बाहेरचा माल आत जायला हवा.

ज्यांच्याकडे दोनच गुरं आहेत त्यांच्यासाठी उत्तर याच मुलखातून आलं. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, नाडेप काका. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, सुमारे १,७५० किलो गाळलेली माती, दीड-दोन हजार लिटर पाणी आणि शेण फक्त ९० ते १०० किलो. सहा इंच कचरा, त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवलेलं चार-पाच किलो शेण, त्यावर ५०-६० किलो माती. असे थर टाक्याच्या वर दीड फूट जाईपर्यंत, आणि शेवटी मातीचा जाड लेप. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. ९० ते १२० दिवसांत खत. यातलं शेणाचं प्रमाण पुन्हा वाचावं. इथं शेण दुधासारखं वापरलेलंच नाही, विरजणासारखं वापरलंय. बिघडतं ते बहुधा लेपाला तडे गेल्यावर. उन्हाळ्यात एका आठवड्यात पाणी उडतं आणि टाकं मार्चमध्ये भरलेलं जूनपर्यंत तसंच राहतं. तडे शेणानं बुजवायचे, भोकांतून पाणी सोडायचं.

विरजणाचं हे समजलं की बाटलीतल्या जिवाणूंचा मोह बराच उतरतो. ताज्या शेणाच्या टोपलीत जितकी विविधता आहे तितकी कुठल्याही बाटलीत नसते. ढीग कुजत नाही तेव्हा दहातून नऊ वेळा कमी असतं ते पाणी. जीवामृताचंही थोडं स्पष्ट बोलावं. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांनी घरोघरी पोहोचवलेली कृती सगळ्यांना पाठ आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, ४८ तास सावलीत, रोज ढवळणं. यातलं नत्र मोजलं तर शेणातून ३५ ग्रॅम, मूत्रातून फार तर शंभर, बेसनातून सत्तर. सगळं मिळून दोनशे ग्रॅम, आणि ते एका एकराला. पऱ्हाटीला एकरी किलोंनी नत्र लागतं. तेव्हा हे खत म्हणून मोजू नये. गुळावर भराभर वाढतात ते दोन्हीकडे जगणारे, आंबवणारे. शिळं झालं की आंबट वास येतो, आठवड्याच्या आत संपवावं. आणि त्यांच्याबरोबर ई. कोलायही वाढू शकतो, म्हणून कोथिंबीर, पालक, मुळा यांच्या पानांवर ते फवारू नये. बुंध्याशी, ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली घालावं.

गोबरगॅसचं टाकं म्हणजे याच वस्तीला पुन्हा पोट मिळवून देणं. त्यात चारा फोडणारे आणि आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात, तर आम्लाचा मिथेन करणाऱ्यांना त्यासाठी दिवस लागतात. सगळा बिघाड या वेगाच्या फरकातून येतो. शेण जास्त टाकलं, शिळं अन्न ओतलं, की आम्ल साचतं, सामू साडेसहाखाली जातो, आंबट वास येतो आणि शेगडी पेटत नाही. तेव्हा आठ-दहा दिवस काहीही टाकू नये, थोडी चुन्याची निवळी चालते. कोठा फिनाईलनं धुऊन ते पाणी टाक्यात सोडणं हा दुसरा नेहमीचा घात. थंडीत गॅस कमी होतो ती चूक नव्हे, गारठा आहे. टाक्यावर तणस टाकावं आणि शेण कोमट पाण्यात कालवावं.

शेण जंतू मारतं हे मात्र मनातून काढून टाकावं. सारवलेली जमीन स्वच्छ वाटते कारण पातळ थर तासाभरात सुकतो. मारतो तो सुकवा आणि ऊन. बीजाणू सुकव्याला भीत नाहीत. धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटनी गुरांच्या आणि घोड्यांच्या शेणात सापडतो, म्हणून जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर शेण लावणं जिवावर बेतत असे. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचं २०१५ मध्ये प्रमाणित झालं, त्यामागे लसी आणि स्वच्छ बाळंतपणं आहेत. औषधांचंही लक्षात ठेवावं. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचलेल्या जनावराच्या शेण-मुतातून त्याचा बराच भाग जसाच्या तसा बाहेर पडतो आणि शेणातल्या निगरगट्ट जिवाणूंना मोकळं रान मिळतं. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलेल्या गुराच्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या जगत नाहीत. अशा जनावराचं शेण दोन-तीन आठवडे वेगळं, नीट तापणाऱ्या ढिगात टाकावं. जीवामृतात आणि गॅसच्या टाक्यात नको.

मग खत तयार झालं हे कसं ओळखायचं? रंगावरून नाही, काळं तर सडलेलंही असतं. मूठभर माल ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस सावलीत ठेवायचा. उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर कच्चं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला तर झालं. तो वास त्या पांढऱ्या पुडीवाल्यांचाच. दुसरी खूण बियांची: एक भाग खत दहा भाग पाण्यात कालवून गाळायचं, त्यात टीपकागदावर वीस मेथ्या, शेजारी साध्या पाण्यात वीस. खताकडच्या फारच कमी रुजल्या तर थांबावं. कच्चं खत पेरलं की जिवाणू उरलेला कर्ब खाण्यासाठी जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि कोवळी पऱ्हाटी पंधरा दिवसांत पिवळी दिसते. वर हुमणीही अशाच अर्धकच्च्या शेणाबरोबर शेतात येऊ शकते.

रोहिण्या लागल्या की बंड्या शेताकडे निघतात आणि शेतभर खताचे पुंजे पडतात. ते आठ-आठ दिवस उन्हात तसेच राहतात. वरचा थर भाजून निघतो, उरला अमोनिया उडतो. बंडी संध्याकाळी रिकामी करावी, पुंजे त्याच वेळी फोडून पसरावेत आणि सकाळचं ऊन चढायच्या आत वखर फिरवावा. संत्र्याच्या बागेत आळ्यात टाकावं, खोडाला मात्र चिकटू देऊ नये.